रिकामी वलांडी

आईचं लुगडं माझ्याकडे आहे, पितळेचा डबा आहे, कपाळावर आठ्या घालून काढलेला एक फोटोही आहे. चाल तेवढी ठेवता आली नाही. आणि मला हवी आहे ती चालच.

मुरब्याहून बोईसरला ती सुक्या बोंबलाची पाटी घेऊन यायची. माल उरला तर तशीच पुढे बेटेगावला जायची. तिकडच्या बाया बोंबलाच्या बदल्यात तांदूळ द्यायच्या, म्हणजे परतीचं ओझंही तेवढंच. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि मान अशी की वरच्या बोंबलाला वाटावं आपण अजून घरीच आहोत. सगळी हालचाल कमरेखाली. खुबे आळीपाळीने भार घ्यायचे आणि सोडायचे. लांबून नुसती सावली दिसली तरी मी ओळखायची, ही आपली आई.

मी तिची शिकलेली पोर. साठच्या दशकाच्या मध्याला मी बोईसरच्या शाळेत शिकवत होते, बाजाराजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. तारापूरकडे वीजघराचं बांधकाम चालू होतं. बाजारात हिंदी ऐकू यायला लागली होती आणि शाळेत शहरातून आलेल्या बाई रुजू झाल्या होत्या. त्यांच्यासारखी पिन लावून साडी नेसायची मला फार हौस. चार बुकं शिकलं की माणसाला आपलंच घर वास मारायला लागतं, तसलं काहीतरी.

डोक्यावरची भरली पाटी एकट्याने उतरवता येत नाही. समोरून कुणीतरी दोन हात लावावे लागतात. एकदा त्या बाईंबरोबर बाजारातून जाताना पलीकडून आईची हाक आली, "ए पोरी, उतरव गो जरा!"

मी पालेभाजीवाल्याकडे वळले. बाईंनी विचारलं, "तुम्हाला हाक मारताहेत का? कोण त्या?"

"ओळखीच्या आहेत," मी म्हणाले.

शेवटी एका मजुराने 'लाओ, माँजी' म्हणत तिची पाटी उतरवली. आईने त्याला मूठभर बोंबील दिले. संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली तेव्हा याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मीही नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी तिच्या जांघेत कळ यायला लागली. पालघरला एका डॉक्टरांकडे हाडांचा फोटो काढायचं मशीन होतं. म्हातारे, बोलघेवडे गृहस्थ. त्यांनी फोटोची काळी फिल्म उजेडासमोर धरून तिला खुबा दाखवला. मांडीच्या हाडाची वाकडी मान, आणि तिच्या आत बारीक बारीक रेघा.

"मावशी, हाड आतून भरीव नसतं. अशी जाळी असते. अंगाचा भार या रेघांवरून खाली उतरतो. तुमची जाळी विरळ झालीय, भोकं मोठी झालीत."

आईने फिल्म हातात घेतली, डोळे बारीक केले. "ही तं वलांडी हाय."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची उंच मांडणी. उभे बांबू, आडवे बांबू, सगळं दोरांनी बांधलेलं. मुरब्याच्या किनाऱ्यावर आईच्या हातच्या वलांड्या वादळातही उभ्या राहायच्या.

"उबे बांबू हायत," ती फिल्मवर बोट फिरवत म्हणाली, "आडवे गेलंत. आडवे गेलं का उबे वाकतांत. मंग एक दिस समदी बसते."

डॉक्टर हसले. "मावशी, हे शिकायला मला किती परीक्षा द्याव्या लागल्या!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जड पाटी आता नको. हलकंसं काही घेऊन चालत राहिल्या तर हरकत नाही."

यातलं पहिलं वाक्य मी पालघरपासून घरापर्यंत घोकत आणलं. दुसरं मी स्टेशनवरच सोडून आले. आज कबूल करते, मला तिच्या खुब्याची काळजी होती हे खरं, पण ती पाटी बाजारातून नाहीशी व्हावी हेही मला हवं होतं. दोन्ही एकाच वाक्यात बसलं, म्हणून मी ते वाक्य धरून ठेवलं.

मी तिला बोईसरला आणलं आणि खाटेवर बसवलं. पाणी मी भरायची, केर मी काढायची. ती उठली की मी ओरडायची, "आये, बस. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आगो, रिकामी वलांडी आदी पडते," ती एकदा चिडून म्हणाली. "भरल्या वलांडीला रोज हात लागतो. दोर ढिला झाला का आमी तवाच आवळतो. रिकामीकं कोन बगतो?"

"हाड म्हणजे बांबू नव्हे," मी मास्तरीणबाईच्या आवाजात म्हणाले.

ती गप्प बसली. दोन वर्षं बसली. सुरुवातीला विचारायची, "बाजारात येऊ तुज्यासंग?" पुढे विचारेनाशी झाली. खिडकीत बसून रस्त्यावरच्या बायांच्या पाट्या बघायची. तिची चाल कधी गेली ते मला कळलंही नाही. मोरीपर्यंत जातानाही भिंतीला हात लागायला लागला तेव्हा मी म्हणाले, बघ, बरं झालं तुला बसवलं ते.

मग एका सकाळी मोरीची वीतभर पायरी उतरताना ती खाली बसली. पडली म्हणून हाड मोडलं की मोडलं म्हणून पडली, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. नव्या फोटोत त्या रेघा शोधाव्या लागत होत्या. पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवून ठेवलं. महिने गेले, कळ थांबली, पण पाय तिचा राहिला नाही.

खूप वर्षांनी, माझाच खुबा दुखायला लागला तेव्हा, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं बांधलं जातं, आणि कुठे बांधायचं ते भार सांगतो. भारच नाही आला तर शरीर तिकडे लक्ष देत नाही. "चालत राहा आजी, हातात थोडं वजन घेऊन." मी मान डोलवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! हे मला खाटेवरच्या बाईने फुकट सांगितलं होतं.

खुबा मोडल्यानंतर आईने एकच हट्ट धरला, मुरब्याला न्यायचा. बैलगाडीत गवत पसरून मी तिला नेलं. थंडीचे दिवस होते, वलांड्या भरलेल्या होत्या. शेजाऱ्यांनी तिची खाट अंगणात, वलांड्यांसमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "पाटी घे."

"कशाला?"

"घे. मला चालता येत नाय. तू चाल, मी बगते."

शेजारणीने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, अर्धी पाटी चढवली आणि ती आपल्या कामाला गेली. मी वलांड्यांच्या मधून निघाले. मान आखडली, पाय वेडेवाकडे पडू लागले.

"मान नको धरू," मागून आवाज आला. "कंबर सोड. खुब्यावर घे भार, मंग दुसऱ्यावर दे."

मी खाडीपर्यंत गेले आणि वळले. येताना कुठेतरी, आठदहा पावलं असतील, ते जमलं. पाटी डोक्यावर असल्याचं विसरायला झालं. आई खाटेवरून बघत होती आणि तिच्या पांघरुणाखाली तो न मोडलेला खुबा थोडाथोडा हलत होता, माझ्या पावलांबरोबर. तेवढी आठदहा पावलं तिची चाल माझ्याकडे होती. त्यानंतर मी किती प्रयत्न केले, ती आली नाही.

मी खाटेपाशी येऊन उभी राहिले. पाटी उतरवायला जवळपास कुणी नव्हतं. आईने झोपल्या जागेवरून दोन्ही हात वर केले.

"वाक. कमरेत नाय, गुडग्यात. मान ताठ."

मी गुडघे वाकवत खाटेच्या उंचीला आले. तिने पाटी दोन्ही हातांनी धरली, उतरवली आणि आपल्या छातीवर ठेवून घेतली. अर्ध्या पाटीचं ते ओझंही तिला झेपणारं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी ते तिच्याकडे तसंच राहू दिलं.