नळातला करंट

लग्नानंतर मी देशावरून वसईला आले. सासूबाई इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. सासऱ्यांच्या माघारी शेती दिरांकडे गेली आणि माझ्या नवऱ्याने आईला आपल्याबरोबर फ्लॅटमध्ये आणलं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि नुकतीच रांगायला लागलेली माझी मुलगी.

आंघोळीचं पाणी रॉकेलच्या स्टोव्हवर तापायचं. सिलिंडर एकच होता, तो संपला की दुसरा कधी मिळेल याचा भरवसा नसायचा, म्हणून गॅस फक्त स्वयंपाकाला. बाथरूमच्या दाराशी सासूबाई स्टोव्ह घेऊन बसायच्या. काकडा पेटवायचा, पंप मारायचा, मध्येच फरफरायला लागला की पिन घालायची. हे काम त्या मला करू देत नसत. "तुझा हात बसला नाय अजून," म्हणायच्या.

एके दिवशी सकाळी त्यांचाही हात चुकला. मी खोलीत मुलीला दूध पाजत होते. बाहेर काहीतरी भसकन पेटल्याचा आवाज आला आणि त्यामागून बादली कलंडल्याचा. मी मुलीला गादीवर ठेवून धावले. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर अर्धा जळून पाण्यात भिजलेला. त्यांनी स्वतःच तो बादलीत बुडवला होता. स्टोव्ह उलटा पडून विझला होता आणि फरशीवर रॉकेल पसरलं होतं. त्यांच्या मनगटावर फोड येत होते. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "पोर कुठाय?"

पोर रोज त्या दाराकडेच रांगत जायची.

नवरा संध्याकाळी घरी आला, आईचं मनगट बघितलं आणि म्हणाला, "बास झालं. या आठवड्यात गिझर बसवू."

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आज काय झालं असतं?"

"झालं असतं ते दिसलं असतं. आग दिसते रं. भडकली तरी मानूस मागं सरतो. वीज दिसत नाय."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे. रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याने मला त्याच्या मामाबद्दल सांगितलं. सासूबाईंचा धाकटा भाऊ. वादळानंतर भाताच्या खाचरात विजेची तार तुटून पडली होती. म्हैस आडवी झालेली पाहून तो तिला उठवायला पाण्यात उतरला. सासूबाई तेव्हा बांधावर डबा घेऊन उभ्या होत्या. पाणी रोजच्यासारखंच दिसत होतं, एवढंच त्या नंतर सांगत राहिल्या.

ते ऐकल्यावर मला दोन्ही गोष्टींची भीती वाटायला लागली. स्टोव्हची होतीच, आता गिझरचीही. पण मुलगी दाराकडे रांगत होती आणि आमच्याजवळ तिसरा मार्ग नव्हता. गिझर आला.

नाक्यावरच्या वायरमनने तो बाथरूममध्ये टांगला, वायर ओढली, बाहेर लाल दिव्याचं बटण बसवलं. मी त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "वहिनी, कंपनीचा माल आहे." माझं त्याने समाधान झालं नाही. मी माझे नियम ठरवले. पाणी तापलं की बटण बंद करायचं, बादली भरून घ्यायची, बटण बंद आहे ना ते पुन्हा बाहेर जाऊन पाहायचं, आणि मगच मुलीला आत न्यायचं. भारनियमनात सकाळी वीज गेली की मला सुटल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी गॅसवर पातेलंभर पाणी तापवायचं आणि कसलीच काळजी नाही.

सासूबाईंनी त्या बाथरूममध्ये गरम पाणी घेतलंच नाही. पहाटे थंड पाण्याने आंघोळ करायच्या. गुडघे दुखायचे, पण बोलायच्या नाहीत. मुलीची आंघोळ मी घालायला लागले की दाराबाहेर उभ्या राहायच्या. त्या आमच्याकडे बघत नसत. त्यांचं लक्ष त्या लाल दिव्याकडे असायचं.

थंडीचे दिवस सुरू झाले तसं एका सकाळी स्वयंपाकघरात तांदूळ धुताना नळाला हात लागला आणि बोटांतून झिणझिण गेली. मी हात मागे घेतला. पुन्हा लावून बघण्याचा धीर होईना. गिझरचं बटण बंद होतं. मी पाहिलं, दोनदा पाहिलं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "झोप नसते तुला. नस आखडली असेल." त्याने स्वतः नळाला हात लावला, त्याला काही जाणवलं नाही. त्याच्या पायात चपला होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सासूबाईंनी आमचं बोलणं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी मुलीला कडेवरून खाली ठेवणं सोडलं. मी भांडी घासताना त्या तिला घेऊन जिन्यात जाऊन बसायच्या.

मी दुकानातून टेस्टर आणला. रबरी चपला घालून त्याचं टोक स्वयंपाकघरातल्या नळाला टेकवलं. टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा लागला. फिका होता, पण होता. बाथरूमच्या नळालाही तेच. याच पाण्याने मी सकाळी मुलीचं तोंड धुतलं होतं.

वायरमन आला. त्याने आमचा गिझर पाहिला, त्याची वायर पूर्ण सोडवून बाजूला केली. नळावर टेस्टर लावला. दिवा तसाच. "तुमचा नाही हा. कुणाच्या तरी घरून पाइपात येतोय," म्हणाला आणि पुढचं काम आहे सांगून निघून गेला.

नवऱ्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. त्यांनी जिन्यातच सगळ्यांसमोर सांगितलं, "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. तुम्ही गिझर लावला आणि हे सुरू झालं." आमचा सोडवून ठेवलाय म्हटलं तरी ते ऐकेनात. रविवारी मीटिंग घेऊ म्हणाले. रविवार लांब होता. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी हळूच सांगितलं, त्यांनाही झिणझिण्या येतात, पण घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला. मी बादलीला हात लावायलाही घाबरत होते. सासूबाईंनी मुलीला शेजारच्या बाईंकडे दिलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "ती दिव्याची काडी घे आनि नळाजवळ उभी ऱ्हा."

"कशाला?"

"एकेका घरातली वीज बंद करायला सांगते. कुनाची बंद केल्यावर तुझा दिवा जातो ते बघ."

ज्या बाईने कधी पंख्याचं बटण स्वतःहून दाबलं नव्हतं, ती आता दारोदार जाऊन मेन स्विच बंद करायला लावणार होती.

मी नळाजवळ उभी राहिले. आमचं दार उघडंच होतं. जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. "बाय, जरा तुमचा मेन बंद करा. लगेच लावा परत. नळात वीज आलीय, पोरंबाळं हायत घरात." कुणी कुरकुरलं, कुणी लगेच ऐकलं. प्रत्येक दारानंतर त्या कठड्यावरून ओरडायच्या.

"हाय का?"

"आहे."

मग पुढचं दार. सेक्रेटरींच्या बायकोने आधी नकार दिला. सासूबाई दारातच बसल्या असाव्यात, कारण थोड्या वेळाने तीच बाई वैतागून म्हणाली, "केला बंद, बघा."

"हाय का?"

"आहे."

माझा हात अवघडला होता. घामाने टेस्टर निसटेल असं वाटत होतं. सगळी घरं संपली आणि दिवा तसाच राहिला तर काय करायचं, हे मनात येत होतं.

सर्वांत वरच्या मजल्यावर एक काका एकटेच राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगी परदेशी. त्यांचं दार उघडायला वेळ लागला. सासूबाईंचं बोलणं मला वरून अस्पष्ट ऐकू आलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर टेस्टरमधला दिवा विझला.

"हाय का?"

मी टेस्टर पुन्हा नळाला टेकवून पाहिला.

"अगं, हाय का नाय?"

"गेला," मी म्हणाले. "आई, गेला."

मी वर धावले. काका दारात उभे होते, अंगात स्वेटर. त्यांचा गिझर दिवसभर चालू असायचा, कारण बटण बंद केलं की नंतर लावायचं विसरायचे. नंतर कळलं, बोअरच्या खारट पाण्याने आतली पाणी तापवणारी कॉइल खाल्ली होती. गिझर लावणाऱ्याने गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर सरळ पाण्याच्या पाइपाला बांधून दिली होती, आणि तोच लोखंडी पाइप सगळ्या घरांतून फिरत होता.

"मला आंघोळ करताना हात झिणझिणायचे," काका म्हणाले. "मला वाटलं, शुगरमुळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, हातापायांना असं होतं म्हणून." ते आपले हात उलटसुलट करून पाहत होते.

सासूबाई त्यांच्या उंबरठ्यावर खाली बसल्या. त्यांचा श्वास लागला होता. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"झाले असतील बरेच."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि काकांना म्हणाल्या, "आज आमच्याकडे जेवा."

वायरमनला पुन्हा बोलावलं. तेव्हा हेही कळलं की आमच्या इमारतीला खरं अर्थिंग नव्हतंच. मीटरच्या खोलीतून निघालेली वायर मातीत जरा जाऊन संपली होती. सेक्रेटरी त्या दिवशी मान खाली घालून उभे होते, पण खर्चाला त्यांनीच सगळ्यांना तयार केलं. कंपाउंडमध्ये खड्डा खणला, पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरलं. प्रत्येक घरात करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसला. आमचा गिझर पुन्हा जोडला, काकांचा भंगारात गेला. नवीन बसेपर्यंत नवरा सकाळी त्यांना बादली नेऊन द्यायचा.

सासूबाई तरीही थंड पाण्यानेच आंघोळ करत राहिल्या. मी आग्रह केला नाही. पौषात त्यांना ताप आला, अंग ठणकत होतं. ताप उतरल्यावर एका सकाळी त्या टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "माझी बादली काढ."

मी बटण बंद केलं, बादली भरली. त्यांनी आत जाऊन कडी लावली. मी दाराबाहेर उभी राहिले, आतल्या तांब्याचा आवाज ऐकत. मध्येच तो थांबला की माझा जीव वर यायचा.

"आई?"

"हाय, हाय," त्या आतून म्हणाल्या. "गरम पान्यात बसू दे की जरा."