चिंचखोरीची हाय

आधीच सांगून टाकतो... मला ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर ‘सर, तुम्हीसुद्धा?’ अशी कमेंट नक्की येणार. येऊ द्या. मी नांदेडच्या एका शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवतोय. दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीवर अख्खा तास घेणारा माणूस आहे मी. शिवाय आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे, नवस, बाहेरची बाधा हे सगळं घरातून गेलं. म्हणजे न मानणं ही माझी कमाईसुद्धा नाही, ते मला आयतंच मिळालंय. त्यामुळे हे मी कोणाला पटवायला लिहीत नाही. मलाच अजून पटलेलं नाही.

माझी दुसरी खोडही इथेच कबूल करतो, कारण पुढे तिचा संबंध आहे. कोणी ‘हाय’ म्हटलं की मी ‘आहे’ म्हणायला लावतो. वर्गात तर लावतोच, घरी आईलासुद्धा सोडत नाही. आई निरक्षर, भोकरकडची. तिचं एक वाक्य मी धड पूर्ण होऊ देत नसे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वनरक्षक होते. नोकरीची बहुतेक वर्षं माहूर-किनवटच्या डोंगरात, पैनगंगा अभयारण्यात गेली. चिंचखोरी नावाच्या चौकीवर ते राहायचे आणि आम्ही आईबरोबर शिक्षणासाठी नांदेडला. महिन्यातून एकदा यायचे. दिवाळीच्या आधीची खेप असली की त्यांच्याबरोबर गफूरचाचा असायचे — शेजारच्या चौकीवरचे वनरक्षक, अण्णांचे जिवलग — आणि डोक्यावर सीताफळांची पाटी. मी सातवीत असताना गफूरचाचा कड्यावरून पडून वारले. तेव्हापासून अण्णांनी सीताफळ तोंडाला लावलं नाही. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हातात काठी तेवढी राहिली. आणि मग एक नवीनच सुरू झालं. रोज दुपारी चारच्या सुमाराला ते त्या काठीने पलंगाच्या लोखंडी नळीवर तीन ठोके मारायचे. ठण्... ठण्... ठण्. मग मान वळवून खिडकीकडे बघत राहायचे. आम्ही धावायचो. पाणी? नको. पंखा? नको. कूस बदलू? मान नाहीच. थोड्या वेळाने पुन्हा तीन ठोके.

आई एकदा म्हणाली, “हाय देऊन राहिले रे ते.”

मी तिला म्हणालो, “आई, उसासे टाकतायत म्हण. कुठे दुखतंय का बघायला पाहिजे.” ती चूल आवरायला निघून गेली. म्हणजे गॅसच, पण ती अजून चूलच म्हणते.

असं चौदा महिने चाललं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा दया यायची, मग वैताग यायला लागला. मुलीचं बारावीचं वर्ष, तिचा अभ्यास नेमका त्याच वेळी. एके दिवशी दसऱ्याच्या आसपास माझं डोकं फिरलं. अण्णांच्या हातातून काठी ओढून घेतली आणि माळ्यावर टाकली. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या रझियाआपा दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “नक्को सर, ऐसा नक्को करो. बुढ्ढे आदमी की हाय लगती.”

मी हसलो. “आपा, हाय-बिय काही लागत नसते,” असं वर शिकवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी तोंड मिटलं. अक्षरशः. चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट. दोन-चार घोट पाणी, बस्स. सलाईन लावलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, “नवीन काही बिघडलेलं नाही. यांनी मनातूनच सोडलंय. आवडीच्या जागी एकदा फिरवून आणा. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात तेही किती दिवस...” मी तिथेच बाकावर बसलो. माझ्या बापाला मी मारत होतो, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं.

आई म्हणाली, “चिंचखोरीला ने.” तिचे गुडघे धरलेले, ती येणार नव्हती. पण गाडी निघताना तिने माळ्यावरची काठी कोणाकडून तरी काढून घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली. “कशाला?” मी विचारलं. “ने म्हणलं ना,” ती म्हणाली.

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट करत आम्ही दुपारी दोनच्या आसपास अभयारण्याच्या नाक्यावर पोचलो. परवानगी आधीच काढली होती. तिथल्या वनरक्षक मडावी मॅडम, असतील तिशीच्या, आमच्या गाडीत बसल्या. जुन्या स्टाफपैकी कोणी आलंय म्हटल्यावर त्यांनी अण्णांच्या पायाला हात लावला आणि एक पिशवीभर सीताफळं सीटवर ठेवली. “झाडावर पिकलेत सर, आजचेच हायेत.” मी सवयीने काही बोलणार होतो, पण गप्प बसलो.

मी आयुष्यात पहिल्यांदा चिंचखोरीला गेलो त्या दिवशी. वाटलं होतं, असेल एखादं टेकाड. पण शेवटच्या वळणावर गाडी थांबली आणि मी दार उघडून तसाच उभा राहिलो. समोर घोड्याच्या नालेसारखी दरी. पाऊस संपून आकाश धुतलेलं, डोंगराच्या अंगावर कमरेएवढं गवत पिवळंधमक झालेलं, त्यावर सागाचा पांढुरका मोहोर, आणि लांब खाली पैनगंगेची एक चकाकती रेघ. इथे माझ्या बापाने आयुष्य काढलं आणि मी त्यांना कधी ‘तिकडे काय दिसतं हो?’ एवढंही विचारलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली.

चौकीच्या दोन खोल्यांचं छत गेलेलं. समोर मोहाचं झाड, आणि त्याच्या फांदीला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा — शाळेत घंटा म्हणून असतो ना, तसा. गंजून तांबडा झालेला. मी आणि मडावी मॅडमनी अण्णांना खुर्चीसकट उचलून झाडाखाली ठेवलं. त्यांनी रुळाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“इथे शाळा होती का?” मी विचारलं.

“न्हाई सर. ती हाय द्यायची घंटा हाय.”

“काय द्यायची?”

“हाय. पहिले ह्या दरीभवती सहा चौक्या होत्या. मोबाईल न्हाई, वायरलेस न्हाई. एकेक मानूस एकेका चौकीत. मग चार वाजले की चिंचखोरीवाल्यानं तीन ठोके द्यायचे. म्हंजे ‘मी हाय’. ते ऐकून पुढच्यानं तीन द्यायचे, ‘मी बी हाय’. अशी दरीभवती फिरायची. ज्याची हाय आली न्हाई, त्याला बघायला जायचं. माझे आजोबा हितं वनमजूर होते, ते सांगायचे. आता सगळ्या चौक्या बंद हायेत.”

मी ऐकत होतो आणि माझ्या कानशिलात ठोके पडत होते. चौदा महिने तो माणूस रोज चार वाजता ‘मी हाय’ म्हणत होता. आई मला सांगत होती, हाय देऊन राहिले. आणि मी मात्र तिची भाषा सुधारत होतो.

मी गाडीकडे पळालो, काठी आणली आणि अण्णांच्या डाव्या हातात दिली. “अण्णा, चुकलो,” एवढंच म्हणालो. घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती. अण्णांनी थोडा वेळ जाऊ दिला. घड्याळ त्यांना दिसत नव्हतं, तरी बरोबर चारला त्यांनी काठी उचलली. तीन ठोके. हातात जोर नव्हता, आवाज जेमतेम आमच्यापुरता झाला. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली आणि थांबले.

पलीकडून काही येणार नाही हे मला माहीत होतं. मी खाली वाकून एक दगड उचलला... म्हटलं, आडोशाला जाऊन आपणच तीन ठोके देऊ, म्हाताऱ्याचं समाधान होईल.

आणि उजवीकडच्या डोंगरावरून आवाज आला. ठण्... ठण्... ठण्.

दगड माझ्या हातातून पडला. मडावी मॅडमनी माझा दंड धरला. अण्णा शांत होते, त्यांनी मान थोडी पुढे फिरवली. अर्ध्या मिनिटाने त्याच्या पुढच्या डोंगरावरून तीन. मग दरीच्या टोकाकडून तीन, इतके लांबचे की श्वास धरून ऐकावे लागले. मग डाव्या अंगाने परत येत, तीन. माकडं गप्प, पाखरं गप्प. एवढ्या मोठ्या दरीभोवती ते ठोके एकामागून एक फिरत होते, आणि कोण कुठून बोलणार हे ठाऊक असल्यासारखी अण्णांची मान त्यांच्याबरोबर फिरत होती. भीती वाटली का? नाही हो. शपथेवर सांगतो, नाही वाटली. ऊर भरून आला होता. एवढं मोठं काहीतरी आपल्यासमोर चाललंय आणि आपण त्यात कोणीच नाही, असं वाटत होतं.

आता एकच चौकी राहिली होती. समोर डावीकडे, कड्यावरची. तिथून काही येईना. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. अण्णा खुर्चीतून पुढे झुकले, चेहरा असा झाला की मला बघवेना. मी, कधी कोणापुढे हात न जोडलेला माणूस, मनात म्हणत होतो, दे रे बाबा... जो कोणी असशील तो, दे.

ठण्... ठण्... ठण्.

मग जरा थांबून, आणखी एक. ठण्.

अण्णा हसले. तोंड वाकडं झाल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. वर टांगलेला रूळ गुणगुणत होता. मी तळवा लावून बघितला, तो थरथरत होता... आणि अण्णांनी त्याला हात लावून चार-पाच मिनिटं झाली होती. मग त्यांनी काठी मांडीवर ठेवली आणि बोटाने पिशवीकडे दाखवलं. मी सीताफळ फोडलं. बिया काढून गर ओठाशी नेला. अण्णांनी तोंड उघडलं. एक अख्खं सीताफळ खाल्लं त्यांनी, माझ्या हाताने.

मडावी मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, “सर, त्या कड्यावर काहीच न्हाई. तिथला रूळ तर मी नोकरीला लागायच्या आधीच गेलाय.” नंतर त्या स्वतः पाचही जागी जाऊन आल्या, मला फोटो पाठवले. चार ठिकाणी रूळ नाही. एका ठिकाणी आहे, तो जमिनीत अर्धा रुतलेला. गवत कुठेच तुडवलेलं नाही.

माझ्यातला मास्तर गप्प बसला नाही, हेही सांगतो. निघायच्या आधी मी दगडाने तो रूळ जीव खाऊन बडवला. एक पुसट प्रतिध्वनी आला, सेकंद-दीड सेकंदात, तोही एकाच बाजूने. अर्ध्या मिनिटाने प्रतिध्वनी यायचा तर डोंगर पाच किलोमीटर लांब पाहिजे. आणि प्रतिध्वनीला चौथा ठोका येतो कुठून? तिनाचे चार करणारं विज्ञान मी तरी शिकवलेलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, “शेवटची किती होती?”

“चार,” मी म्हणालो.

तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. “गफूरभाईची चार असायची. चौथा चहाचा. चहा ठेवलाय, या, म्हणून.”

मग तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. गफूरचाचा गेले त्या दिवशी चार वाजता त्यांची हाय आली नव्हती. अण्णांना वाटलं, किनवटच्या बाजाराला गेला असेल, येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघायला गेले. चाचा कड्याखाली पडलेले, अंग अजून कोमट होतं. “तव्हापासून वाट बघून राहिले ते,” आई म्हणाली. “मी वाटीनं हाय देऊन बघितली रे, दोनदा-तीनदा. माझी त्यांना चालली न्हाई. त्यांना त्याचीच पाहिजे होती.”

“मला का नाही सांगितलंस नीट?”

“सांगितलं की. तू म्हणला, उसासे म्हण.”



तुमच्याकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचीन. माझ्याकडे नाही. आता रोज चारला अण्णा तीन ठोके देतात आणि मी जिथे असेन तिथून, भांड्यावर नाहीतर गेटवर, तीन देतो. शाळेत असलो तर मुलगी पुस्तक खाली ठेवून ग्लासवर देते. माझी त्यांना चालते आता. दोन वेळा जेवतात, थोडं थोडं.

काल रविवार होता. चार वाजता मी दाढी करत होतो. आतून तीन ठोके आले, मी मग्यावर तीन दिले. पुन्हा ब्रश उचलला, तोच पलंगाच्या नळीवर, जरा थांबून, आणखी एक ठोका पडला. मी तोंडाचा फेस तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेलो. आईने चहाचं आधण आधीच ठेवलं होतं.

“अण्णा, आलो,” मी ओरडून सांगितलं. “हाय मी... हितंच हाय.”