गोदूवन्संबरोबर शिंगणापूरला

गोदूवन्सं गेल्याचं आम्हाला केडगावच्या दूधवाल्यानं सांगितलं. एरवी तो अंगणातूनच हाक मारायचा. त्या दिवशी हाक न मारताच दारात येऊन उभा राहिला. "वैनी, आमच्या बाई गेल्या," एवढंच म्हणाला आणि किटली हातातच धरून राहिला. विषमज्वर होता हे आम्हाला माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी मी भेटून आले होते, ताप उतरतोय असं त्याच मला समजावत होत्या... नणंद आमची, आणि सांगायला आलेला माणूस त्यांना 'आमच्या बाई' म्हणत होता. रडू यायच्या आधी मला त्या शब्दाचं बरं वाटलं.

आता महिना होऊन गेला. केडगावात बाळंतपणं करणाऱ्या बाई म्हणून त्या पुष्कळांना ठाऊक होत्या. केडगावला त्या कशा पोचल्या, ते मात्र थोड्यांनाच माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

वन्सं माझ्या नवऱ्याच्या धाकट्या बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या विधवा होऊन माहेरी परतलेल्या होत्या. सासरी काय झालं याबद्दल घरात कुणी बोलत नसे, मीही कधी विचारलं नाही. पुण्याला जाऊन त्या नर्सिंग शिकल्या आणि युद्धाच्या काळात भिंगारच्या छावणीत लष्करी दवाखान्यात लागल्या. ब्राह्मणाची विधवा परक्या शिपायांच्या जखमा धुते, यावर आमच्या आळीत बरंच बोलणं झालं. वन्संना त्याचं काही नव्हतं. घरी आल्या की कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि स्वयंपाकघरात डोकावून विचारायच्या, आज भजी आहेत का. मिरचीची भजी त्यांना इतकी आवडत की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायच्या आणि मग बेसूर आवाजात काहीतरी गुणगुणत बसायच्या.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरून एकदा जखमींची तुकडी आली. तिच्यात कासोंगो नावाचा एक आफ्रिकन होता. आफ्रिकेत कांगो म्हणून मोठा मुलूख आहे, तिथे बेल्जियमचं राज्य. तिथल्या लोकांचं एक वैद्यकीय पथक आघाडीवर होतं, त्यात हा जखमींना उचलून आणायचा. मांडीत गोळ्याचा तुकडा घुसला, म्हणून इकडे पाठवलेला. आपल्या शिपायांत राहून मोडकीतोडकी हिंदुस्थानी शिकला होता. शिवाय त्याच्या बोलीत साबणाला साबुनी, औषधाला दावा आणि चहाला चाईच म्हणतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचं आणि वन्संचं जमलं. त्यानं वन्संना 'दादा' म्हणायला सुरुवात केली तेव्हा सगळा वॉर्ड हसला. त्याच्याकडे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. वन्सं घरी येऊन आम्हाला हे सांगताना इतक्या हसल्या की ठसका लागला.

एके दिवशी मात्र त्या आल्या त्या गप्पच. भजी केली होती, ती तशीच राहिली. रात्री मला म्हणाल्या, आज त्याची पाठ पुसत होते. पाठभर वळ होते, जुने. जपान्यांनी मारलं का, असं विचारलं तर म्हणाला, नाही, आमच्याच साहेबांनी. कवायतीला उशीर झाला म्हणून झेंड्यासमोर पालथं पाडून पाणघोड्याच्या कातड्याच्या चाबकानं. तिकडे ती रीतच आहे म्हणे.

हळूहळू त्यानं आईबद्दलही सांगितलं. ती लहान असताना बेल्जियमच्या राजाचे पहारेकरी जंगलातल्या रबरासाठी गावात यायचे. पुरुष रबर घेऊन येईपर्यंत गावातल्या बायकापोरांना एका कोठारात कोंडून ठेवायचे. त्या कोठारातून त्याची आई बाहेर आली, पण आजी आली नाही. आई आता म्हातारी झाली, तरी दार लावलेल्या खोलीत तिला झोप लागत नाही. हे ऐकून वन्सं त्याला म्हणाल्या की आमच्या जिल्ह्यात एक गाव आहे, तिथे घरांना दारंच नाहीत. त्याला खरं वाटेना. मग वन्संनी डॉक्टरांकडून एक दिवसाची परवानगी काढली. सोबतीला मी गेले.

घोडेगावपर्यंत मोटार आणि पुढे टांगा. शिंगणापुरात कासोंगो काठी टेकत गल्लीतून फिरला. चौकटी होत्या, पण त्यांना दारं नव्हती. कुठे नुसतं फडकं, कुठे कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी. एका ओसरीवर म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि वन्संना विचारलं, "ह्यो एवढ्या लांबून दारं बगाया आला व्हय?" वन्संनी तिला कोठाराची हकिकत सांगितली. म्हातारीनं विचारलं, रबर म्हंजी काय? वन्संनी समोर उभ्या टांग्याच्या चाकाकडे बोट दाखवलं. चाकाला रबरी धाव होती. म्हातारी उठली, चाकापाशी जाऊन तिनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी बाया कोंडल्या?"

म्हातारीनं ओंजळभर शेंगा कासोंगोच्या पुढ्यात ठेवल्या.

परत घोडेगावला आलो. मोटार आली आणि कासोंगो चढेना. रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिला. मी परत जाणार नाही, म्हणाला. त्याच्या मुलखातला एक शिपाई नुकताच दवाखान्यात आला होता, त्याच्याकडून त्याला कळलं होतं की मलायातलं रबर जपान्यांच्या हाती गेल्यापासून कांगोत पुन्हा गावंच्या गावं रबरासाठी जंगलात धाडतात. त्याचा म्हातारा बाप पुरेसं रबर आणू शकला नाही, म्हणून तुरुंगात होता. मी कुणासाठी जखमी उचलले, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

तो पळाला असता तर वन्संवर बालंट आलं असतं, पण त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वन्सं त्याच्या शेजारी मातीत बसल्या.

"नवरा गेल्यावर सासरी मला मागच्या खोलीत ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून कडी. माझा भाऊ न्यायला येईपर्यंत. रोज वाटायचं, तो आज येईल... तुझे वडील आत आहेत. म्हणजे आई एकटीच आहे."

इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्यानंही मला हे सांगितलं नव्हतं. कासोंगो काठी घेऊन उठला आणि मोटारीत चढला. वाटेत वन्संनी माझा हात धरून ठेवला होता, तो नगर येईपर्यंत सोडला नाही.

महिन्याभरात त्याला मुंबईला, बोटीवर पाठवलं. पुढे काही कळलं नाही. आपल्याकडे स्वराज्य आलं त्या दिवशी आम्ही सगळे झेंडा पाहायला गेलो होतो. गर्दीत वन्संनी मला हळूच विचारलं, "वहिनी, कासोंगोकडे कधी होईल हो असं?" त्याआधीच, युद्ध संपल्यावर, शिपायांच्या बायकांसाठीच्या दवाखान्यात बढती मिळत होती, ती न घेता त्यांनी केडगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अडलेल्या बायकांना घरात दाबून ठेवतात, वेळेवर बाहेर काढत नाहीत, म्हणायच्या. बैलगाडी जुंपायला लावून स्वतः बायकांना घेऊन यायच्या.

तेरावं झाल्यावर आम्ही त्यांचं सामान आवरायला गेलो. त्यांनी शिकवून तयार केलेली यमुना तिथेच होती. दोरीवर रबरी हातमोज्यांचा जोड वाळत होता. बोटांना ठिगळं लावलेली, सायकलच्या ट्यूबला लावतात तशी. फाटका मोजा त्या कधी टाकू देत नसत, असं यमुना म्हणाली. कुणीतरी जंगलात जाऊन आणलंय ते, असं म्हणायच्या. मी जोड काढून गाठोड्यात ठेवायला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या वैनी," यमुना म्हणाली. "वरच्या आळीतल्या पोरीचे दिस भरल्यात. आज-उद्या लागतील."

तिनं दोरीवरून एक मोजा उतरवला आणि कुठे भोक आहे का ते बघायला तोंडाशी धरून त्यात फुंकर मारली. पाचही बोटं हळूहळू भरत गेली, आणि तिच्या मुठीत एक अख्खा हात उभा राहिला...