दहाव्याच्या आदल्या दिवशी

बाबा गेले त्या दिवशी भावाने क्षौर केलं. अग्नी त्यानेच दिला होता, म्हणून दहाव्याला घाटावर पिंडही त्यानेच द्यायचे होते. आदल्या दिवशी सकाळी आमच्या विश्रांतवाडीच्या घरी दोन पोलीस आले. शेजाऱ्यांच्या फ्लॅटमधून दागिने गेले होते आणि कुंड्यांना पाणी घालण्यासाठी त्यांची किल्ली आमच्याकडे असायची.

"जरा चौकशीला चला," एवढंच ते म्हणाले. भाऊ निघालासुद्धा. आमच्या घरात सरकारी माणसाला कारण विचारणं उद्धटपणाचं समजतात.

मागोमाग मी आणि काका ठाण्यात पोचलो. साहेब भावाच्या डोक्याकडे बघत होते.

"केस कधी काढले?"

"बाबा गेले तेव्हा."

"बरा मुहूर्त साधलात. कॅमेऱ्यातल्या माणसाला दाट केस आहेत."

मी म्हणाले, "साहेब, अटक केली असेल तर कारण सांगा. त्याला वकील भेटू द्या. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं."

"ताई, अटक कुणी केलीये? पाहुणे आहेत ते. चहासुद्धा पाजलाय."

"मग घरी नेते त्याला. उद्या वडिलांचा दहावा आहे."

"चौकशी संपली की न्या."

मला माहीत असलेला प्रत्येक हक्क 'अटक' या शब्दापाशी सुरू होत होता, आणि तो शब्द उच्चारायला तिथे कुणी तयार नव्हतं.

बाहेर येऊन मी ओळखीच्या वकीलबाईंना फोन लावला. काकांनी हात धरला. "वकील कशाला? आपण काय चोर आहोत? वकील आला की त्यांना वाटणार, पाणी मुरतंय."

"अहो काका, चोर नाही म्हणूनच."

"सुतकात तमाशा नको," ते म्हणाले. मी फोन केलाच. पण वकीलबाई दिवसभर कोर्टात अडकल्या होत्या. संध्याकाळी आल्या तेव्हा साहेब जागेवर नव्हते. भाऊ रात्रभर बाकावरच राहिला.

सकाळी घाटावर काकांनी पिंड दिले. त्याच वेळी वकीलबाई साहेबांसमोर बसून एकच म्हणत होत्या, अटक दाखवा, नाहीतर सोडा. दुपारी भाऊ घरी आला.

"झालं का बाबांचं?" त्याने विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "आणि तूही सुटलास. वकिलाशिवायही सोडलंच असतं."

अंघोळ करून भाऊ घाटावर गेला. तिथे आता काही करायचं उरलेलं नव्हतं, तरी गेला. मीही त्याच्यासोबत गेले.