आत्याच्या गोळीची वेळ

मी जो काही आहे तो आत्यामुळे. टाकव्यात तिच्या घरी राहून पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. आत्याचा आवाज असा, की पलीकडच्या खाचरात वाकून भाताची आवणी करणाऱ्या बाया तिच्या हाकेनं कंबर सरळ करायच्या. मी अभ्यासाला बसलो की ती उंबऱ्यात बसायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मंडळाची पोरं मला आरतीला बोलवायला आली, तर म्हणाली, "देव थांबतो, परीक्षा थांबत न्हाई. जा तुमी."

आता तिला पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, पाय जागीच चिकटतात, आवाज फोनवर पोचत नाही. गोळी वेळेवर मिळाली तर ती स्वतःची वेणी घालते, आपल्या हातानं जेवते, शेजारणीची नक्कलही करते. एकही गोळी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. घरात दादाचं, म्हणजे आत्याच्या मुलाचं, आणि वहिनीचं मात्र सगळ्याला एकच उत्तर, "वय झालं आता." वय झालं म्हणून म्हाताऱ्याचा चष्मा कुणी काढून घेतं का?

या नवरात्रात मी लोणावळ्याहून टाकव्याला गेलो, तर दारात चपलांचा ढीग. आत्या घटासमोर पाटावर, अंगभर थरथरत, कपाळाला मळवट. बाया ओट्या भरत होत्या. एक विचारत होती, "मावशी, माज्या पोरीचं कदी जमंल?"

वहिनी कौतुकानं म्हणाली, "भाऊजी, आई आली अंगात. घट बसल्यापासनं."

"आणि गोळ्या?"

"उपासाला औषद कसं द्यायचं?"

मी आत्याच्या तोंडाशी कान नेला. "देवी न्हाई रं, गोळी न्हाई," ती पुटपुटली. मग डोळे त्या बाईकडे वळवून, "हिच्या पोरीचं जमंल म्हनावं. ही जरा गप बसली की."

मी गोळी दिली. थरथर उतरली तशी गर्दीही उतरली. "देवी घालवली ह्यानं. शिकल्याला न्हवं," एक म्हातारा जाताना म्हणाला. तिच्या पायावर डोकं ठेवायला रांग होती. तिच्या ओठांशी पेला धरायला कुणी नव्हतं. हा राग मला विझू द्यायचा नाही.

आलेलं पत्र वहिनी ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचते. म्हणून परतल्यावर फोन न करता पत्रच पाठवलं:

"ती. आत्यास सा. नमस्कार.

डॉक्टरांना विचारलं. उपासालाही गोळी द्यायचीच. वहिनी, घटाला माळ नंतर, आधी गोळी. दादा, बाया ओटी घेऊन आल्या तर तू उंबऱ्यात बस. माझ्यासाठी आत्या बसायची तसा. देवी रागावली तर माझं नाव सांगा.

आत्या, तूच शिकवलंस. देव थांबतो. गोळी थांबत नाही."