काळा शेवटी

बकुळा जाधवला आर्टिस्ट म्हणावं की नाही, यावर तिच्या घरातच एकमत नव्हतं. आई जनी म्हणायची, पोरगी छापखान्यात जाते. बाबा म्हणायचे, पोरगी आर्टिस्ट आहे. आणि खुद्द बकुळाला विचारलं तर ती "स्क्रीनवर आहे" एवढं सांगून मोकळी व्हायची. म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये लीलाराम सेठच्या गाळ्यात ताणलेल्या जाळीवर शाई ओतायची, रबरी पट्टीनं ओढायची आणि खाली लेबल छापायचं. कधी पापडाचं, कधी अगरबत्तीचं, कधी साडीच्या खोक्याचं. नवऱ्याचं घर सोडून ती ब्याऐंशी साली माहेरी आली, तेव्हापासून त्याच गाळ्यात कामाला होती.

शाळेत तिचा हात शेडिंगचा होता. गालावरची सावली पेन्सिलीनं घासून अशी उतरवायची की मास्तर तिचा कागद वर्गभर फिरवायचे. गाळ्यात त्या शेडिंगला कुत्रं विचारत नव्हतं. तिथे एका रंगाला एक जाळी. आधी पिवळा, मग तांबडा, मग निळा आणि सगळ्यात शेवटी काळा. तोवर कागदावर नुसते डाग असतात. काळा बसला की त्या डागांचा मोर होतो. पहिल्याच वर्षी तिनं घाईघाईत ओल्या निळ्यावर काळा ओढला आणि लेबलांच्या अख्ख्या थप्पीचा चिखल केला. सेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ती थप्पी तिच्या टेबलासमोर मांडून ठेवली. "रोज देख," म्हणाला. "काला आखिर में. सूखने के बाद." ते तिच्या हाडात मुरलं.

कामाचं वळण रविवारी खुंटीला टांगून ठेवता येत नाही. घरी ती हार्डबोर्डवर ऑइल पेंटनं चित्रं काढायची, तीही तशीच. समोर माणूस बसला की तिला नाक-डोळे दिसायचे नाहीत, उजेडाचा एक तुकडा आणि सावलीचे दोन-तीन दिसायचे. यानं तिच्या चित्रात जोर आला, हे कबूल करायला हवं. पूर्वी दहा रेघांत चाचपडायची, ते आता एका डागात सांगून टाकायची. पांढरं कुठे सोडायचं हे तर तिला अचूक कळायचं. रंग लावतानाही हात कधी मागे यायचा नाही, कारण छापलेलं पुसता येत नाही.

तिचे बाबा हरिचंद्र. अंबरनाथच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावरही यांचा घाम पिवळाच येतो, असं जनी सांगायची आणि पुरावा म्हणून उशीचे अभ्रे दाखवायची. नव्वद साली पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. एक डोळा गेलेला होता, दुसरा जाणार होता. औषधाचे थेंब घालायचे आणि टिकेल तितका टिकवायचा.

बाबांनी हाय खाल्ली नाही. संध्याकाळी म्हणाले, "बकुळे, मेल्यावर भिंतीवर फोटो सगळ्यांचाच लागतो. मला माझं चित्र माझ्या डोळ्यांनी बघायचंय. काढतेस का?"

तिनं लगेचच्या रविवारी बोर्ड लावला. पण घर पडलं बदलापूरला, मांजर्लीत. पावसाळ्यात उल्हास नदी अंगणापर्यंत येऊन चौकशी करून जायची. जिथं मिठाला पाणी सुटतं तिथं ऑइल पेंट काय सुकणार? पिवळाच दोन आठवडे बोटाला चिकटत राहिला. मग तांबूस, मग तपकिरी. बाबा बोर्ड खिडकीपाशी नेऊन नाकाला लावून बघायचे.

"हे काय गं? मी की पापडाचं लेबल?"

"काळा राहिलाय, बाबा. काळा बसला की दिसाल."

जनीला राहवायचं नाही. "दोन काळ्या रेघा ओढ की आत्ता. तुझा रंग सुकेस्तोवर यांचे डोळे थांबणारेत का?"

"ओल्यावर ओढला तर सगळं वाया जाईल, आई."

ते खरंही होतं. पण खरं असून काय उपयोग? डोळे म्हणजे काळ्याचं काम, आणि काळा शेवटी. म्हणून इतके रविवार बापासमोर बसूनही बकुळानं त्याच्या डोळ्यांकडे एकदाही नीट पाहिलं नाही. कपाळ पाहिलं, गालफडं पाहिली, मानेवरच्या सावलीचा आकार तर तिला पाठ झाला. बाबांनी "झालं का?" विचारणं सोडलं, तेव्हा तिला वाटलं, रुसले. उघाड असली तरी ते "पाऊस आहे" म्हणून नाक्यावर जायचे नाहीत. चहाचा कप हातानं चाचपून घ्यायचे. हे सगळं समोर घडत होतं आणि नजरेवर पोट भरणारी ही बाई ते बघत नव्हती.

सप्टेंबरात एका रविवारी कडक ऊन पडलं. तपकिरीही वरवर सुकल्यासारखा वाटला. तिनं बोर्ड दारात आणून ठेवला, काळ्याची नवी ट्यूब काढली. बाबा खुर्चीत येऊन बसले.

"आण इकडे. बघू दे."

तिनं बोर्ड समोर धरला. या खेपेला त्यांनी तो नाकाशी नेला नाही. मान ताठ करून बराच वेळ बघितलं.

"आता दिसतोय मी," ते म्हणाले. "काळा मस्त बसलाय गं. डोळे तर हुबेहूब."

बोर्डावर डोळ्यांच्या जागी दोन तपकिरी डाग होते. ट्यूबचं झाकण अजून उघडायचं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात जनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बकुळानं हात वर करून तिला थांबवलं आणि मग बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते बोर्डाच्या वर, भिंतीकडे लागले होते. लेकीला तिचा उशीर कळू नये म्हणून हा माणूस किती दिवस हे रेटत होता कोण जाणे.

"कालच बसवला, बाबा."

"तरी म्हटलं," ते म्हणाले, आणि खुशीत मागे टेकले.

ती तिथेच जमिनीवर बसली. ट्यूब पिळली आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत बघत डोळे काढायला घेतले. आतला तपकिरी अजून ओला होता. काळा त्यात पसरला, गालावर ओघळला. तिनं हात थांबवला नाही. बोर्डावर ब्रश खरखरत होता आणि तिला नाकाचा आवाज होऊ न देता रडायचं होतं.

बाबांनी कान दिला.

"आता कशाला हात लावतेस?" ते म्हणाले. "चांगलं झालंय. बिघडवशील."