फुलाक्काची काळी चटणी

नवरा, लाडू, वारला तेव्हा फुला सत्तेचाळीस वर्षांची होती. जोयड्याच्या रानपट्ट्यात बाजारकुणंगच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून दोन मैल रानात शिरलं की सात घरांची त्यांची वाडी लागते. लाडू माणूस वाईट नव्हता. भाताच्या शेतात राबायचा, रानखात्याच्या कामाला जायचा, धाकटी लेक नेत्रा लहान असताना तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. पण दुपार कलली की त्याचे पाय आपसूक म्हादूच्या दारूच्या भट्टीकडं वळत. एका भाद्रपदात भट्टीवरून परतताना तो ओहोळात पालथा पडला. पाणी जेमतेम गुडघाभर. शुद्धीतला माणूस नुसता उठून बसला असता तरी वाचला असता.

तेरावं उरकलं आणि फुलानं दोन गोष्टी केल्या. गळ्यात माळ घालून मासळी-मटण सोडलं, आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्याही धरून चौदा बायका गोळा करून म्हादूची सात मडकी फोडली. काळा गूळ कुजवून केलेला सडवा सगळा नाल्याला गेला. त्याचा वास चार दिवस वाडीवरून हटला नाही.

तिथून ती सगळ्यांची फुलाक्का झाली. दारूविरुद्ध बायकांचा संघ तिनं उभा केला आणि अकरा वर्षं चालवला, तोही कडक. लग्नाच्या मांडवात पुरुषांच्या घोळक्यातून जाताना ती नाकानं प्यालेला माणूस ओळखायची. वास आला की ताटावरून उठायची, मग तिच्यामागं संघाच्या सगळ्या बायका उठायच्या. नवऱ्यांना तिचा धाक होता. बायकांनाही होता, पण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

दुखणं सुरू झालं ते पायांपासून. तळव्यांना मुंग्या यायच्या, मग तळवे बधिर व्हायला लागले. चप्पल पायातून निसटून मागं राहिली तरी तिला कळायचं नाही. पुढं जीभ सोलल्यासारखी लाल झाली आणि तोंडाची चवच गेली. भाकरी काय नि भुसा काय, तिला एकच. अंगावरचं मांस झडलं, सांगितलेलं विसरायला लागली. मुलगा नागेश तिला बेळगावला घेऊन गेला. डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, शरीरात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व उरलेलंच नाही. अंडी खा, मासळी खा, नाही तर दूध प्या, इंजेक्शनं घ्या. दूध तिला जन्मात पचलं नव्हतं. मासळीचं नाव काढताच तिनं माळेवर हात ठेवला. इंजेक्शनं पाच घेतली आणि पावसात रस्ता तुटला तशी तीही सुटली.

नेत्रा नर्सिंग शिकून इंग्लंडला गेलेली, तिथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरीला. फोनला रेंज फक्त टेकाडावर. तिथं बसून नागेशनं तिला सगळं सांगितलं, आणि महिन्याभरानं रामनगरच्या एका दुकानात कुणाच्या तरी हाती एक खोकं येऊन पडलं. आत काळ्या काचेच्या दोन बुटक्या बरण्या. झाकण उघडलं तर आत डांबरासारखं काहीतरी. सुप्रिया, नागेशची बायको, रामनगरची. तिनं पदर नाकाला लावला.

"आत्या, हे इंजिनातलं असल. नेत्राताईंनी चुकून पाठवलं."

"खायचं हाय म्हणाली. गरम भाकरीला नखभर लावायचं."

फुलानं लावलं आणि पहिला घास अंगणात थुंकला. खारट, कडू, वर काहीतरी जुनाट. टेकाडावर जाऊन तिनं लेकीला झाडलं. नेत्रा म्हणाली, "आये, इथं निम्मी माणसं हे मिटक्या मारत खात्यात, निम्मी नाव काढलं तरी पळत्यात. तू औषध समजून खा. तुला लागतंय ते जीवनसत्त्व ह्यात घातलेलं असतंय. मांस न्हाई, मासळी न्हाई, माळेची आण."

"मग हाय काय त्यात?"

"यीस्ट म्हणत्यात."

यीस्ट म्हणजे काय ते फुलाला कळलं नाही, आणि नेत्रानंही पुढं सांगितलं नाही.

आठ दिवस ती नाक दाबून गिळत राहिली. नवव्या दिवशी सकाळी भाकरी चावताना ती थांबली. जिभेच्या कडेला काहीतरी लागलं होतं. खारट, आणि खारटाच्या मागं एक खोल, भाजल्यासारखी चव. सव्वा वर्षात तिला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती. तिनं उरलेली भाकरी हळूहळू खाल्ली आणि सुप्रियाकडं आणखी अर्धी मागितली.

मग ती त्या बरणीतल्या काळ्या चटणीचीच झाली. पेजेत घाल, कणगा कंदाच्या उकडलेल्या फोडीला लाव, नुसतं बोटानं चाट. सुप्रियाला वास सहन होईना, म्हणून बरणी घरापुढच्या सोप्यातल्या कोनाड्यात गेली, आणि फुलाला ते बरंच पडलं. येता-जाता झाकण उघडता यायचं. तोंडाला चव आली, अंग जरा भरलं. पाय मात्र होते तसेच राहिले.

त्याच दिवसांत सुनयनाचं प्रकरण झालं. सुनयना वाडीतल्या शेवटच्या घरची, फुलाहून आठ-दहा वर्षांनी लहान, मडकी फोडायला सगळ्यांत पुढं असलेली. तिच्या माळ्यावर काजूच्या दारूची बाटली सापडली. सुनयना म्हणाली, "अक्का, गुडघ्याला चोळायला आणलीया. मला उठवत न्हाई सकाळी." फुलानं भर बैठकीत सांगितलं, "औषध म्हणून आणा न्हाई तर तीर्थ म्हणून, दारू ती दारू." सुनयनाचं नाव संघाच्या वहीतून खोडलं. मग लावणीच्या दिवसांत संघाच्या बायका तिच्या शेतावर गेल्या नाहीत. एकमेकींच्या शेतात पाळीपाळीनं राबायची तिथली रीत, पैसे देऊन माणूस मिळत नाही. सुनयनाचं निम्मं शेत त्या वर्षी पडीक राहिलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नवी बरणी आली. कोनाड्यावर ऊन आलं होतं ते फुलाच्या ध्यानात आलं नाही. दुपारी झाकण उघडलं तशी गरम वाफ नाकात गेली आणि तिनं झाकण परत घट्ट लावलं. हा वास तिच्या ओळखीचा होता. लाडूच्या सदऱ्याला यायचा तो.

दोन दिवस तिनं बरणीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पदराखाली बरणी घेऊन ती म्हादूच्या दारात उभी राहिली. अकरा वर्षांत तिनं त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. भट्टी मोडल्यावर म्हादू गोव्याला मजुरी करून परत आला होता, आता बांबूच्या टोपल्या विणायचा. त्यानं हातातली बांबूची पट्टी खाली ठेवली.

"म्हादू, हे काय हाय ते सांग. खरं सांग."

म्हादूनं बरणी नाकाशी नेली आणि लगेच खाली घेतली. मग करंगळी बुडवून चाखली.

"कुठनं आलं?"

"नेत्रानं धाडलंय. औषध हाय."

"सडवा उतरून घेतल्यावर मडक्याच्या तळाशी साका ऱ्हातोय, अक्का. त्यातलं हे. आटवून मीठ घातलंय. दारू न्हाई ही, चढणार न्हाई. पण दारूच्या पोटातलंच हाय."

"तुझी चूक व्हत असल."

"सात मडकी फोडलीस तू माझी," म्हादू शांतपणे म्हणाला. "ह्यो वास मी इसरन व्हय?"

फुला बरणी घेऊन वळली तेव्हा तो मागून म्हणाला, "मी कुणाला बोलणार न्हाई, अक्का." त्यानं चारचौघांत हिणवलं असतं तर तिनं भांडण काढलं असतं. न बोलण्याचं वचन घेऊन घरी जाणं तिला फार जड गेलं.

तशीच ती टेकाडावर गेली.

"नेत्रा, हे दारूच्या साक्याचं हाय का?"

"व्हय. बियर करताना तळाला ऱ्हातंय त्याचं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस? बाबाला ओहोळातनं उचलून आणलं तवा मीबी व्हते, आये. एक तसा गेला. तू हट्टापायी अशी जायला लागलीस, मी काय बघत बसू?"

फुलानं फोन बंद केला. राग लेकीचा आला होता, पण तो टेकाड उतरेपर्यंतसुद्धा टिकला नाही. घरी येऊन तिनं बरणी चुलीमागं लाकडाच्या ढिगात पुरली. चौथ्या दिवशी सकाळी, सुप्रिया विहिरीवर गेल्याचं बघून, तिनं लाकडं उपसली आणि उभ्या उभ्या दोन बोटं चाटली. चाटताना दाराकडं लक्ष होतं. लाडू असाच दाराकडं बघत प्यायचा. त्याला ती म्हणायची, तुझ्या जिभेला लगाम न्हाई का, एक दिवस सोडून बघ. आता तिनं तीन दिवस सोडून बघितलं होतं.

पुढच्या बैठकीत तिनं बरणी मधे ठेवली आणि ती कशाची आहे ते सांगितलं. मला आवडती, हेही सांगितलं. दोघी-तिघी हसल्या, अक्का चेष्टा करती म्हणून. एक जण म्हणाली, "औषध हाय ते, त्यात काय एवढं?" फुला म्हणाली, "हेच सुनयना म्हणाली व्हती." मग संघाची वही आणि कारभार तिनं दुसरीच्या हाती दिला. पुढच्या महिन्यात दोघींनी संघ सोडला. अक्काच्या घरात चालतं तर आमच्यावर बंधन का, असं त्यांचं म्हणणं.

सुनयनाकडं ती गेली त्या दिवशी सुनयना उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"चुकलं माझं," फुला म्हणाली.

"माझं गुडघं दुखत व्हतं, तुझी जीभ दुखत व्हती. तू खा तुझं. मला काय बोलायचं न्हाई." मग सूप झटकून म्हणाली, "आणि संघात बोलवायला आली असशील तर मी येणार न्हाई. निम्मं शेत पडीक पडलं तवा तुम्ही समद्या जणी बांधावरनं बघत गेलासा."

फुला परतली. पण लावणी लागली तशी ती न विचारता सुनयनाच्या शेतात उतरली. सुनयनानं रोपाची एक मूठ तिच्या बाजूला टाकली. चिखलात फुलाला आपले पाय कुठं आहेत ते कळत नव्हतं. ती डोळ्यांनी बघून पाऊल टाकायची. तशी तीन ओळी लावून झाल्या.

"अक्का, वर ये," सुनयना एकदम ओरडली.

"का गं?"

"वर ये म्हणते न्हवं! रगत बघ पाण्यात."

तळव्यात धारदार खडा पेरभर आत गेला होता. फुलाला काहीच जाणवलं नव्हतं. सुनयनानं तिला बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, खडा काढला, डोक्याचा फडका फाडून पट्टी बांधली. बांधताना एकदाच म्हणाली, "दुखत न्हाई?"

"न्हाई."

"मग अवघड हाय," सुनयना म्हणाली आणि हाक मारून नवऱ्याला मोटारसायकल आणायला सांगितली.

जोयड्याच्या दवाखान्यात चार टाके पडले. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, चटणीनं भागणार नाही, दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला या, आणि पायातला बधिरपणा आता सगळा जाईल असं मी म्हणत नाही. फुला न चुकता जाते. मुंग्या थोड्या कमी झाल्यात, तळवे तसेच आहेत. सुनयना संघात आली नाही. म्हादू अजून कुणाला काही बोललेला नाही, आता बोलण्यासारखं काही उरलंही नाही. काळी चटणी मात्र फुला रोज खाते, सोप्यात सगळ्यांसमोर बसून. कुणी विचारलं कशाची, तर दारूच्या साक्याची म्हणून सांगते, आणि आपण सुनयनाला बोललो तसं तो आपल्याला बोलतो का, म्हणून समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहते.